पाळी चुकली की फोन येतो : आमच्या डायलिसिस सेंटरबद्दल

मिरजेत डायलिसिससाठी जागा शोधत असाल म्हणूनच हे वाचत असाल, तेव्हा आधी कामाचं सांगते. सेंटरचं नाव लिहीत नाही. मला अजून तिथंच जायचंय, आठवड्यातून तीनदा, आणि सुया टोचणाऱ्यांशी वाकडं घेऊ नये एवढी अक्कल मला आहे. पण मिरजेत अशी चार ठिकाणं बघितलीत तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

मी ब्लाऊज शिवते. जयसिंगपूरला घरातच दुकान आहे. वय ३९. तीन वर्षं झाली, सोमवार-बुधवार-शुक्रवार, पहिली पाळी, बेड नंबर ५. पाचशेच्या आसपास वेळा त्या खुर्चीवजा पलंगावर पडलेय, म्हणजे मत द्यायचा हक्क मला आहे असं समजते. पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला ते पुढं येईलच.

चांगलं आधी. पहिली पाळी सहाची म्हणजे सहाला मशीन सुरू. साडेपाचला दार उघडतं. माझे मालक, म्हणजे नवरा, मला गाडीवरून सोडतात आणि तसेच कामावर जातात. येताना मी वडापनं येते, फिस्टुलाचा हात (सुया टोचायला ऑपरेशन करून शीर जोडून घेतलेला) खिडकीकडं ठेवून, कुणी चेंगरू नये म्हणून. पाण्याचा आरओ प्लांट काचेच्या पलीकडंच आहे, दिसतो. चार तासांत एका माणसाच्या मशीनमधून १२० लिटरच्या आसपास पाणी जातं, तेव्हा ते पाणी कसं आहे हे बघायलाच हवं. इथं रोज पहिल्या पाळीआधी क्लोरीन तपासून वहीत लिहितात. ती वही मागितली तर दाखवतातही. डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा भाग, धुऊन परत वापरतात, पण त्यावर माझं नाव आणि कितव्यांदा वापरला तो आकडा मार्करनं लिहिलेला असतो, आणि लावायच्या आधी मला वाचून दाखवतात. टेक्निशियन दादांचा हात हलका. तीन वर्षांत फिस्टुला एकदाच फुगला, तोही माझ्याच चुकीनं, त्या हातानं कापडाचा तागा उचलला म्हणून. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं ऑफिसमधली मुलगी स्वतः करून देते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन गेलं की झालं.

आणि एक दिवस गेलं नाही तर फोन येतो. घरच्या पूजेला मी एका शुक्रवारी दांडी मारली, तर दुपारपर्यंत तीन फोन. "ताई, पाळी चुकवू नका, सोमवारपर्यंत पाणी छातीत भरेल." बरोबरच होतं त्यांचं. सोमवारी साडेचार किलो जास्त घेऊन गेले आणि शेवटच्या तासाला पायात असे गोळे आले की ओरडलेच.

आता दीड तारा.

मला वाटायचं किडनी म्हणजे गाळणी. गाळणी बिघडली, आता मशीन गाळतंय, विषय संपला. मला कुणी सांगितलंच नाही की किडनी शरीरात हार्मोनचाही कारभार सांभाळते. काही स्वतः बनवते, काही वापरून झालेली मोडीत काढते. मशीन यातलं एकही काम नीट करत नाही. जे बनायचं थांबलं ते इंजेक्शननं किंवा गोळीनं द्यावं लागतं. आणि जे मोडीत निघायचं थांबलं ते रक्तात साठत राहतं.

रक्त वाढवायच्या हार्मोनची सेंटरला चांगली जाण आहे, ते कबूल. एरिथ्रोपोएटिन म्हणतात, आमच्यात सगळे 'इपीओ'च म्हणतात. किडनी ते बनवायची, हाडातल्या मगजाला रक्त तयार कर म्हणून निरोप धाडायची. मी आले तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ होतं, जिना चढताना दोनदा बसायची. आठवड्यातून दोनदा ४,००० युनिट पोटावर टोचलं, सोबत मशीनमधूनच लोहाचं औषध दिलं, चार महिन्यांत १०.४ झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढं फार वाढवायचं नाही, साडेअकराच्या आत ठेवायचं, जास्त वाढलं तर गुठळ्यांचा धोका. अमेरिकेत हे इंजेक्शन १९८९ साली मंजूर झालं, त्याआधीच्या लोकांना रक्ताच्या पिशव्याच चढवाव्या लागायच्या. किडनी बदलायचं डोक्यात असेल तर पिशव्या जितक्या टाळता येतील तितक्या बऱ्या, कारण परक्या रक्तानं शरीर सावध होतं आणि पुढं किडनी जुळायला अवघड जातं. हे सगळं डॉक्टरांनी मला पाच मिनिटं उभं राहून समजावलं. म्हणजे समजावता येतं त्यांना.

पण पहिल्या वर्षी माझी पाळी, म्हणजे बाईची पाळी, वेडीवाकडी झाली होती. कधी दोन महिने नाही, आली की आठ-दहा दिवस, आणि एवढी की कपडा पुरायचा नाही. रक्त मशीनच्या नळ्यांत गोठू नये म्हणून डायलिसिसमध्ये हेपरिन देतात. पाळीच्या दुसऱ्या दिवशी हेपरिन घेऊन चार तास पडून राहायचं म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. एका बुधवारी तिसऱ्या तासाला परकर ओला झाल्याचं कळलं. हातात दोन सुया, उठता येत नाही. समोर दादा आणि शेजारच्या बेडवर काका. चादर ओढून घेतली आणि टीव्हीवरच्या मालिकेकडं बघत राहिले. त्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.६ वरून ७.९ वर आलं. सेंटरनं इपीओचा डोस वाढवला. रक्त जातंय कुठं, हे विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही, ती माझी चूक. पण वजन विचारतात, बीपी विचारतात, काल किती पाणी प्यालात विचारतात, संडासला काळं होतं का तेही विचारतात; मग हे एक विचारायला काय हरकत होती? पाळी चालू असेल तर त्या दिवशी हेपरिन कमी करता येतं, नाहीतर अजिबात न देता मधूनमधून सलाईननं नळ्या धुवून डायलिसिस करता येतं. हे मला दीड वर्षानं कळलं.

मग ती थांबलीच. अकरा महिने. सुटले बाई, असंच वाटलं खरं सांगायचं तर. सासूबाई म्हणाल्या, तुझं लवकर गेलं. मशीनवरची पाळी एक दिवस चुकली तर तीन फोन आणि ही अकरा महिने चुकली तर कुणाच्या वहीत नोंद नाही.

गेल्या पावसाळ्यात ब्लाऊजच्या अस्तरावर डाग दिसला. रुपयाएवढा, कडेला जरा कडक झालेला. आधी वाटलं शिलाई मशीनचं तेल. आमच्या धंद्यात तेलाचे डाग नेहमीचेच, पावडर टाकून इस्त्री फिरवली की जातात. हा गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. मग आंघोळीला गेल्यावर दाबून बघितलं, तर दूध. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. चार रात्री झोपले नाही, कॅन्सरशिवाय दुसरं काही डोक्यात येईना.

स्त्रीरोगवाल्या बाईंकडं गेले, त्यांनी सोनोग्राफी केली, गाठ नाही म्हणाल्या, बाकीचं किडनीच्या डॉक्टरांना विचारा. किडनीचे डॉक्टर त्या आठवड्यात बाहेरगावी. सेंटरमधल्या तरुण डॉक्टरांना सांगितलं, तर ते फाइलमध्ये बघत म्हणाले, "हे आमच्याकडं येत नाही, बाईंनाच दाखवा." या एका वाक्याला पूर्ण एक तारा कापलाय. अहो, ते तुमच्याचकडं येतं.

पुढच्या बुधवारी मोठे डॉक्टर, म्हणजे किडनीचे, आले. त्यांनी प्रोलॅक्टिन तपासायला सांगितलं. बाळंतपणानंतर दूध आणणारं हार्मोन. बाईच्या रक्तात साधारण पंचविसाच्या आत असतं, माझं निघालं ११८. किडनी नीट असेल तर ती याचा बराचसा भाग निकालात काढते. किडनी गेली की ते साठतं, आणि वर मेंदूतल्या ग्रंथीतून सुटतंही जास्त. ते वाढलं की अंडाशयाला जाणारा निरोप दबतो, म्हणून पाळी बंद. माझं 'लवकर गेलं' वगैरे काही नव्हतं.

मी दादांना विचारलं, मग एवढं रक्त गाळताय, ते का नाही निघत? त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. डायलायझरच्या नळ्यांना भोकं असतात, कापडाला असतात तशी. युरियाचा कण ६० डाल्टनचा (एवढ्या बारीक कणांचं वजन त्यात मोजतात), तो कशातूनही जाईल. पॅराथायरॉईडचं हार्मोन साधारण ९,४००, ते थोडंफार जातं, भोकं मोठी असलेला डायलायझर असला तर जरा जास्त. प्रोलॅक्टिन २३,००० चं. "ताई, मलमलीतून पाणी जातं, बटण नाही जात." एवढं चांगलं मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. अर्धा तारा इथं परत द्यावा का, याचा विचार करतेय.

पण गंमत पुढं आहे. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. तेरा प्रकारच्या. त्यातली ॲसिडिटीची कॅप्सूल बाजूला काढली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती, आपल्याकडं घराघरांत असते, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो. तिच्यात ॲसिडचं औषध असतंच, शिवाय मळमळीसाठी डोमपेरिडोन. आणि डोमपेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. मी ती दोन वर्षं रोज घेत होते. कुणी सुरू केली ते आठवत नाही, कुणी बंदही केली नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडसुद्धा तसंच करतं, तेही मला मशीनवर मळमळलं की दोन-तीनदा दिलेलं होतं. डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून नुसतं ॲसिडचं औषध दिलं. तीन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन ४९. डाग बंद. म्हणजे किडनीमुळं जे वाढायचं ते वाढलेलंच आहे, पण वरचं ओझं त्या कॅप्सूलचं होतं. (तुमची कॅप्सूल माझं वाचून फेकू नका, डॉक्टरांपुढं पिशवी उलटी करा.)

थायरॉईड कमी पडलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून तेही तपासायला सांगितलं होतं. इथं सेंटरनं दुसरा गोंधळ घातला. सिस्टरनी सोय म्हणून डायलिसिस संपताना नळीतूनच रक्त घेतलं, वेगळी सुई नको म्हणून. मायेनंच केलं. रिपोर्टमध्ये फ्री टी-फोर वाढलेलं. म्हणजे थायरॉईड जास्त! परत रात्रभर झोप नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून हसले. हेपरिन दिल्यावर घेतलेल्या रक्तात ते खोटं वाढलेलं दिसू शकतं. पुढच्या वेळी मशीन लावायच्या आधी घेतलं, नॉर्मल. ६०० रुपये दोनदा गेले. तेव्हापासून हार्मोनची कुठलीही तपासणी असली की मी हात मागं घेते आणि म्हणते, आधी रक्त, मग मशीन.

बेड ४ च्या काकांची गोष्ट सांगायलाच हवी. जुना मधुमेह, डायलिसिस सुरू झालं तेव्हा दिवसाला चाळीसच्या घरात इन्सुलिन. हळूहळू कमी होत बारावर आलं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आली ५.९. काका पेढे घेऊन आले, "माझी साखर गेली!" (डायलिसिस वॉर्डात पेढे म्हणजे खव्यातला फॉस्फरस, पण कोण ऐकतंय. मीही अर्धा खाल्ला.) साखर गेली नव्हती. इन्सुलिनचा मोठा वाटा किडनी मोडीत काढते; ती बंद पडल्यावर टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून कमी पुरतं. आणि ती ५.९ पण फसवी. आमच्या रक्तातल्या लाल पेशी लवकर मरतात, वर इपीओनं नव्या येतात, नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. बोटावरच्या मशीनवर त्यांची जेवणानंतरची २३० यायची. एकदा तिसऱ्या तासाला काका घामाघूम होऊन भलतंच बोलायला लागले, साखर ५२. सेंटरनं तेव्हा फार चपळाई केली, दोन मिनिटांत ग्लुकोज. त्यानंतर मधुमेहवाल्यांची साखर दर तासाला बघतात आणि डायलिसिसच्या सकाळी इन्सुलिन किती घ्यायचं ते वहीत लिहून देतात. या बाबतीत पैकीच्या पैकी.

पॅराथायरॉईडचं तसं नाही. ती तपासणी महिन्याच्या पॅकेजात नाही, बाहेरून करावी लागते, दीड हजाराच्या आसपास. म्हणून कुणी आठवण करून देत नाही आणि कुणी तपासून घेत नाही. किडनी ड जीवनसत्त्वाला शेवटचा हात फिरवून कामाचं बनवते. ते थांबलं, फॉस्फरस साठला, की गळ्यातल्या पॅराथायरॉईड नावाच्या चार इवल्याशा ग्रंथी आपल्या हार्मोननं हाडातलं कॅल्शियम उपसायला लागतात. त्या हार्मोनचा माझा आकडा ७८० वर गेला होता. डायलिसिसवाल्यांचा नॉर्मलच्या दोन ते नऊ पटीत असला तरी चालतो म्हणतात, म्हणजे सहाशेच्या आत हवा. पायडल मारताना घोटे दुखायचे, पाठीला अशी खाज की फुटपट्टीनं खाजवायची. फॉस्फरसची गोळी मी दीड वर्ष जेवणानंतर तासाभरानं घेत होते, कारण पाकिटावर 'जेवणानंतर' लिहून दिलेलं. ती घासासोबत घ्यायची असते. जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणं हे तिचं काम, जेवण पुढं गेल्यावर ती कुणाला धरणार? आता गोळी ताटातच भाकरीशेजारी ठेवते. कॅल्सिट्रिऑल आणि सिनाकॅल्सेट सुरू झालं, सहा महिन्यांत ४१० वर आलं. फुटपट्टी पुन्हा कापडावर.

पुरुषांचंही सांगते, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. शेवटच्या बेडवर एक मुलगा आहे, तिशीचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, जरा ढगळ शर्ट शिवून द्याल का? खिशाला अस्तर लावून, दोन्ही बाजूंना." पुरुषांचं मी शिवत नाही. पण खिसे दोन्ही बाजूंना म्हटल्यावर मी मापाची टेप गळ्यातच ठेवली आणि विचारलं, दुखतं का? मान हलवली. छाती वाढली होती. डायलिसिस सुरू होऊन चार महिने झालेले. मी त्याला माझ्या नवऱ्यासोबत मोठ्या डॉक्टरांकडं ढकललंच. ते म्हणाले, होतं असं. खंगलेलं शरीर डायलिसिसनं जरा सावरतं, भूक परत येते, हार्मोन पुन्हा हलायला लागतात, वयात येताना मुलांना होतं तसंच. बहुतेकांचं काही महिन्यांत उतरतं. टेस्टोस्टेरॉन कमी पडणं, इच्छा न होणं, हेही या आजारात पुष्कळांना असतं, विचारा म्हणाले. तीन वर्षांत त्या हॉलमध्ये हा शब्द मोठ्यानं उच्चारलेला मी तेवढाच ऐकला. शर्ट शिवला. दोन खिसे.

माझी पाळी दिवाळीनंतर परत आली, कमीजास्त का होईना. डॉक्टरांनी लगेच सांगितलं, आता काळजी घ्यायची, क्वचित का होईना दिवस जाऊ शकतात आणि या अवस्थेत ते सोपं नसतं. किडनी बदलली तर प्रोलॅक्टिन लवकर खाली येतं, पाळी बहुतेकींची सुरळीत होते. यादीत नाव घातलंय.

मी तक्रार लिहून दिली होती, पेटीत नाही, मॅनेजरच्या हातात. उत्तर आलं नाही. पण आमच्या सोमवारच्या सिस्टरनी काय केलं, रोजची नोंद असते ना, वजन, बीपी, हेपरिन, किती पाणी काढलं, त्या रजिस्टरमध्ये हेपरिनच्या आधी फुटपट्टीनं एक रकाना आखला आणि वर 'मा. पा.' लिहिलं. मासिक पाळी. बायकांना त्या हळू आवाजात विचारतात, हो असेल तर टिकमार्क. दादांची पाळी असली की ते विचारत नाहीत, रजिस्टर आणि पेन आपल्या हातात देतात आणि मशीनकडं बघत उभे राहतात. चालतं की. पुरुषांच्या ओळीत कुणीतरी आडवी रेघ मारून ठेवते.

एसी फार असतो, चादर पातळ देतात, घरून शाल न्या. दुसऱ्या पाळीला गाडी लावायला जागा मिळत नाही. कॅन्टीनमधला चहा घेऊ नका, मोजून पाणी प्यायचं असताना तो तर मुळीच नाही. आणि बायकांनो, फिस्टुलाच्या हाताला आवळणारी बाही चालत नाही. मी दंडापासून खालपर्यंत उघडणारी बाही काढलीये, आतून टिचबटणं, बाहेरून साधी दिसते. बेड ५, पहिली पाळी. माप तिथंच घेईन, फक्त उजवा हात माझा मोकळा असतो, तेव्हा टेपचं दुसरं टोक तुम्हाला धरावं लागेल.